शीऽऽचा सूर

चिकोडीस बहिणीकडे गेलो होतो. तिचा दोन वर्षांचा मुलगा अंथरुणात घाण केल्याबद्दल रागावल्यापासून शी अडवून धरी. मग खडा होई, दुखे, आणि तो अधिकच अडवी. अखेर बहिणीच्या सासूबाईंनी पाय पसरले, पावलांवर त्याला बसविले आणि ‘शीऽऽ’ असा मंद सूर धरला. रोज सकाळी, दूध पिऊन झाल्यावर. पोटात काही गेले की आतडी हलतात, ती ही वेळ. दहाव्या दिवशी पोर आपण होऊन पावलांवर येऊन बसले.

मी गाणे शिकवितो. माझे वडील दरबारी गवई. शिष्याचा षड्ज लागेपर्यंत तंबोरा छेडीत स्वस्थ बसत. मी मात्र दरडावतो. माझ्या धाकाने किती गळे मिटले असतील, याचा हिशेब त्या घरी मनाशी झाला.