शेल्डनचे घर: ‘यंग शेल्डन’च्या पहिल्या भागाची घडण

सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीवर २५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री ‘द बिग बँग थिअरी’ या विनोदी मालिकेच्या अकराव्या हंगामाचा पहिला भाग संपला आणि त्याला लागूनच ‘यंग शेल्डन’ ही नवी मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग त्या रात्री सुमारे १ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिला आणि दोनच दिवसांत वाहिनीने पूर्ण हंगामाला मंजुरी दिली. गाजलेल्या मालिकेतील एखादे पात्र घेऊन त्याच्याभोवती स्वतंत्र मालिका उभी केली की तिला स्पिन-ऑफ म्हणतात, आणि मूळ कथेच्या आधीचा काळ सांगणाऱ्या कलाकृतीला प्रीक्वेल, म्हणजे पूर्वकथा, म्हणतात. ‘यंग शेल्डन’ ही दोन्ही असल्यामुळे तिच्या पहिल्या भागापुढील अडचणही दुहेरी होती. प्रेक्षकांना दहा वर्षे परिचित असलेला माणूस नऊ वर्षांच्या मुलात ओळखू यायला हवा होता, आणि त्या माणसाचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक असूनही त्याच्याविषयी नवे कुतूहल जागे व्हायला हवे होते.

मूळ मालिकेतील शेल्डन कूपर हा पॅसाडीना शहरात राहणारा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. जंतूंची भीती, सोफ्यावरील ठरलेली जागा, नियमांचा काटेकोर आग्रह आणि समोरच्याच्या भावना न उमगणे या त्याच्या स्वभावविशेषांवर तेथील बहुतेक विनोद उभा आहे, आणि त्या भूमिकेसाठी जिम पार्सन्स यांना चार एमी पुरस्कार मिळाले. शेल्डनचे बालपण मात्र तेथे आठवणींतून, तेही तुकड्यातुकड्यांनी येते. नव्या मालिकेची कल्पना पार्सन्स यांच्याच घरातून निघाली. टेक्सासमध्ये वाढणाऱ्या आपल्या अतिशय हुशार भाच्याविषयी आणि त्याच्या कुटुंबाविषयी ते निर्माते चक लॉरी यांच्याशी बोलले, तेव्हा ते कुटुंब शेल्डनचेच का असू नये, असे लॉरी यांनी सुचवले. पुढे लॉरी यांनी स्टीव्हन मोलारो यांच्यासह पहिला भाग लिहिला आणि पार्सन्स निर्मात्यांपैकी एक झाले. कल्पनेच्या मुळाशी मुलाइतकेच त्याच्या भोवतालचे घर होते, ही गोष्ट पहिला भाग समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

मालिकेचा नमुना म्हणून आधी चित्रित होणाऱ्या या भागाला पायलट म्हणतात. त्यात पात्रे, स्थळ, सूर आणि पुढच्या संघर्षाची बीजे अवघ्या वीस-बावीस मिनिटांत रोवावी लागतात. येथे काळ १९८९ चा आणि स्थळ पूर्व टेक्सासमधील मेडफर्ड हे काल्पनिक गाव, जेथे चर्च आणि शालेय फुटबॉल हे लोकजीवनाचे दोन आधार आहेत. आई मेरी श्रद्धाळू बॅप्टिस्ट पंथीय, वडील जॉर्ज माध्यमिक शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, थोरला भाऊ जॉर्जी त्याच संघातील खेळाडू, आणि जुळी बहीण मिसी. नऊ वर्षांचा शेल्डन मधल्या इयत्ता ओलांडून थेट त्या माध्यमिक शाळेत, म्हणजे भावाच्या बरोबरीने नववीत, दाखल होतो. पहिल्याच दिवशी तो शाळेच्या पोशाखविषयक नियमांचा भंग करणाऱ्यांना मोठ्याने दाखवून देतो आणि त्यातून शिक्षकांनाही वगळत नाही. परिणामी त्याच्याविषयी तक्रारी सुरू होतात. त्याच्या दृष्टीने त्याने कोणाचा अपमान केलेला नसतो, नियम आहे आणि तो मोडला जात आहे एवढेच सांगितलेले असते.

हा प्रसंग हसवतो, परंतु त्यामागील वस्तुस्थिती शिक्षणशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये अध्यापन करणाऱ्या लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असाधारण बुद्ध्यंकाच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला आणि प्रौढाची बुद्धी व बालकाच्या भावना एकाच लहान देहात नांदू लागल्या की विशिष्ट अडचणी उद्भवतात, हे मांडले. या विषम वाढीमुळे असे मूल वर्गातील गणितात सर्वांच्या पुढे आणि मधल्या सुटीत सर्वांच्या मागे असू शकते. अशा मुलांना वरच्या इयत्तेत बसवणे, ज्याला शैक्षणिक गतिवर्धन म्हणता येईल, सरसकट हानिकारक असते हा समज संशोधनाने बराचसा दूर केला आहे. आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की योग्य रीतीने केलेल्या गतिवर्धनाचा मुलांना अभ्यासात लाभ होतो आणि सामाजिक दृष्ट्याही ती सहसा खचत नाहीत. यातील ‘योग्य रीतीने’ हे शब्द कळीचे आहेत, कारण मेडफर्डच्या शाळेत नेमकी तीच रीत दिसत नाही. मुलाला वरच्या वर्गात बसवले जाते, पण शिक्षकांची, भावाची आणि खुद्द मुलाची त्यासाठी काही तयारी करून घेतलेली नसते. उरलेला सारा भार घरावर पडतो.

हा भार दाखवण्यासाठी निर्मात्यांनी चित्रणाची पद्धतच बदलली, आणि या भागाचे निम्मे यश त्या निर्णयात आहे. ‘द बिग बँग थिअरी’चे चित्रण एक बाजू उघडी असलेल्या नेपथ्यात, समोर प्रेक्षक बसवून, अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी होत असे, तेथे नट हशासाठी थांबतात आणि तो हशा ध्वनिफितीवरही येतो. ‘यंग शेल्डन’ एका कॅमेऱ्याच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक दृश्याची वेगळी प्रकाशयोजना करून, चित्रपटासारखी चित्रित झाली आणि तीत प्रेक्षकांचा हशा नाही. हसणारा समूह असला की विक्षिप्त माणूस आपोआप हास्याचा विषय होतो. तो समूह दूर केला की त्याच माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दिसू लागते. प्रौढ शेल्डनच्या बाबतीत जो हशा चालून गेला, तो नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत क्रूर वाटला असता. दिग्दर्शन जॉन फॅव्रो यांनी केले, ज्यांनी त्याच्या आदल्याच वर्षी ‘द जंगल बुक’ या चित्रपटात मोगलीच्या भूमिकेतील नील सेठी या मुलाकडून जवळजवळ संपूर्ण चित्रपट पेलून घेतला होता. इयन आर्मिटेज या बालनटाकडून त्यांनी पार्सन्स यांची नक्कल करवून घेतली नाही, हे विशेष कौतुकास्पद आहे. शब्दांची नेमकी फेक आणि शरीराचा ताठपणा तेवढा ठेवला, बाकीचा निरागसपणा त्या मुलाचाच राहू दिला. पात्रनिवडीतील आणखी एक योग म्हणजे मूळ मालिकेत मेरीची भूमिका करणाऱ्या लॉरी मेटकाफ यांची कन्या झोई पेरी येथे तरुण मेरी झाली आहे.

निवेदनाचा आवाज पार्सन्स यांचा आहे. प्रौढ शेल्डन आपले बालपण मागे वळून सांगतो, त्यामुळे त्या वयात त्याला न कळलेले बरेच काही प्रेक्षकाला त्याच्या सांगण्यातून कळते.

याचा सर्वाधिक लाभ वडिलांच्या पात्राला झाला आहे. मूळ मालिकेत जॉर्जचा उल्लेख दारुडा आणि पत्नीशी अप्रामाणिक असा होतो, आणि शेल्डन चौदा वर्षांचा असताना तो वारल्याचेही तेथेच समजते. पहिल्या भागात लान्स बार्बर यांनी उभा केलेला जॉर्ज बिअर पिणारा, थकलेला, मुलाची भाषा न समजणारा आहे खरा. पण गॅल्व्हेस्टनमधील आपली आधीची नोकरी का गेली, हे तो मुलाला सांगतो तेव्हा भागाचा अर्थच पालटतो. खेळाडूंच्या भरतीतील गैरप्रकार त्याने उघड केले होते आणि त्याची शिक्षा त्यालाच मिळाली होती. नियम मोडल्याचे बोलून दाखवले की लोक दुरावतात, हे मुलाने त्या आठवड्यात अनुभवलेले असते आणि वडिलांनी ते नोकरी गमावून अनुभवलेले असते. बुद्धीच्या बाबतीत परस्परांपासून इतक्या लांब असलेल्या या दोघांना सचोटी जोडते, हा या भागाचा गाभा आहे, आणि लेखकांनी तो भाषणबाजीने मांडलेला नाही. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत सर्वांनी एकमेकांचे हात धरायचे असतात आणि जंतूंच्या भीतीने शेल्डन हातमोजे घालून ते करत असतो. शेवटी तो उघड्या हाताने वडिलांचा हात धरतो. पूर्वकथेत सहसा जुन्या माहितीची उजळणी होते, येथे मात्र जुनी माहिती अपुरी ठरते, कारण मूळ मालिकेत ऐकलेला बाप हा एका दुखावलेल्या मुलाने सांगितलेला बाप होता, असे प्रेक्षकाला वाटू लागते.

भागात उणिवाही आहेत. मिसी आणि जॉर्जी यांच्या वाट्याला येथे मुख्यतः चटकदार वाक्ये आली आहेत; बुद्धिमान भावंडाच्या सावलीत वाढणे म्हणजे काय, याला पुढील हंगामांत न्याय मिळाला. मालिका सात हंगाम आणि १४१ भाग चालून मे २०२४ मध्ये संपली, आणि जॉर्जचा मृत्यू अखेरच्या भागांत दाखवला गेला, तेव्हा त्याची हळहळ वाटावी इतके प्रेम त्या पात्राने मिळवले होते. ‘द बिग बँग थिअरी’ न पाहिलेल्यांनाही हा पहिला भाग पूर्णपणे समजतो. घरात किंवा वर्गात एखादे असाधारण मूल असलेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी तो अवश्य पाहावा, आणि पाहताना त्या मुलाइतकेच त्याच्या शेजारी जेवायला बसलेल्या माणसांकडेही लक्ष द्यावे.