स्थळाचा कागद

लग्नाळू मुलामुलींची माहिती ज्या एका पानावर मांडली जाते आणि ज्याला आता खेड्यापाड्यांतूनही बायोडाटा हेच नाव रूढ झाले आहे, तो कागद एकदा परक्याच्या नजरेने वाचून पाहिला, तर एका माणसाचा इतका सविस्तर तपशील कोणत्याही सरकारी दफ्तरात एके ठिकाणी क्वचितच सापडेल, अशी खात्री पटते. मथळ्याला गणपती, उजव्या अंगाला फोटो, त्याखाली पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटासकट जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, कंपनीचे नाव आणि वार्षिक उत्पन्न. पुढे वडिलांचा हुद्दा, भावाबहिणींच्या सासरची गावे, मामाचे आडनाव, शेती किती एकर आणि ती बागायत की जिरायत, शहरातला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. आणि तळाशी, सर्वांत ठळक अक्षरांत, राहत्या घराचा पत्ता व दोन मोबाइल क्रमांक. घरातील वडीलधारी मंडळी हा कागद मोठ्या काळजीने तयार करतात, त्यातील एकही बाब खोटी असू नये म्हणून दक्षता घेतात, आणि मग तो व्हॉट्सअॅपवरून अशा हाती सोपवतात की ज्यांची संख्या आणि ओळख त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते.

मामाच्या आडनावाचेच उदाहरण घ्यावे. सोयरीक जुळवताना मामकुळ विचारण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे आणि तिच्यामागे नात्यागोत्याचा धागा शोधण्याचा सरळ हेतू आहे. परंतु मामाचे आडनाव ते आईचे माहेरचे आडनाव, आणि पासवर्ड विसरलेल्या खातेदाराची ओळख पटवण्यासाठी अनेक बँका व ईमेल सेवा वर्षानुवर्षे जो गुप्त प्रश्न विचारीत आल्या, तो नेमका हाच. इ-आधारची जी फाइल आपण उतरवून घेतो तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्षाचे चार अंक, ही गोष्ट तर जाहीरच आहे; म्हणजे ती फाइल एखाद्याच्या हाती पडली आणि सोबत स्थळाचा कागदही मिळाला, तर तिला संरक्षण असे काही उरत नाही. सुटी सुटी पाहिली असता यांतील प्रत्येक बाब निरुपद्रवी वाटते, आणि धोका त्यांच्या एकत्र येण्यात असतो. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी तेथील 1990 च्या जनगणनेच्या आधारे असे दाखवून दिले होते की केवळ जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून त्या देशातील सुमारे 87 टक्के लोक, नाव माहीत नसतानाही, बहुधा एकेकटे ओळखता येतील. आपल्या कागदावर तर नावापासूनच आरंभ असतो.

तथापि खाते उघडले जाण्याच्या भीतीपेक्षा मला दुसरी एक गोष्ट अधिक चिंताजनक वाटते. आपल्या समाजात माणसाची पारख प्रश्नांनी होते: गाव कोणते, कोणाचे कोण, मामा कुठले, आणि त्यांची उत्तरे ज्याला बिनचूक देता येतात तो परका उरत नाही. ज्याला आपल्या आजोळचे गाव ठाऊक आहे, धाकटी बहीण नाशिकला दिली आहे हे ठाऊक आहे, त्याचा फोन आला की आपला आवाज आपोआप मऊ होतो. फसवणूक करणाऱ्याला हवी असते ती हीच जवळीक, आणि ती त्याला कागदावर आयती मिळते. परदेशात नोकरी असलेला सुस्थित वर म्हणून ओळख वाढवायची, मौल्यवान भेट पाठवल्याचे सांगायचे, आणि ती विमानतळावरील सीमाशुल्क कचेरीत अडकली म्हणून मुलीकडून पैसे भरून घ्यायचे, हा प्रकार पोलिसांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या मुलीही त्यात फसल्या आहेत. त्यांना भोळ्या म्हणून दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण पिढ्यान्पिढ्या ज्या खुणांवरून आपण विश्वास ठेवत आलो, त्याच खुणा त्यांना दाखवण्यात आल्या होत्या.

पूर्वीचे वधू-वर सूचक मंडळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना तेथील व्यवस्था आठवत असेल. एखाद्या वाड्यातील किंवा देवळाच्या ओवरीशेजारची खोली, लोखंडी कपाट, त्यात वर्षावार लावलेल्या नोंदवह्या, आणि ठरावीक वारी संध्याकाळी दोन तास बसणारे एक वयस्क गृहस्थ. ज्याला स्थळे पाहायची असत त्याने स्वतः यावे, आपल्या घरची नोंद आधी करावी, समोर बसून वही चाळावी आणि हवे ते पत्ते हाताने उतरवून घ्यावेत. तेव्हाचा समाज खासगीपणाचा फार आदर करणारा होता, असे मुळीच नव्हे. वाड्यात कोणाकडे कोण बघायला आले हे दुपारपर्यंत सर्वांना कळे, आणि मोडलेल्या सोयरिकीची चर्चा मुलीच्या मागे अनेक वर्षे फिरे. परंतु वहीतील माहिती कोणत्या कामासाठी दिली आहे, ती कोण वाचणार, आणि तिचा गैरवापर झाला तर जाब कोणाला विचारायचा, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसे. हेलन निसेनबॉम या विदुषींनी 2004 मध्ये आणि पुढे 2010 च्या आपल्या ग्रंथात खासगीपणाचा जो सिद्धांत मांडला, त्याचा रोख येथेच आहे: माहिती दडवून ठेवणे म्हणजे खासगीपणा नव्हे, ज्या संदर्भात ती दिली गेली त्या संदर्भाच्या मर्यादा पाळून तिने पुढे जाणे, म्हणजे खासगीपणा. डॉक्टरला सांगितलेले दुखणे डॉक्टरजवळ उघडच असते. तेच मालकाच्या कानी गेले की मर्यादा मोडते. स्थळाच्या कागदाचेही तसेच आहे.

आज तो कागद कोणत्या वाटेने जातो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात तो टाइप होतो, आणि त्या दुकानातील संगणकाच्या पडद्यावर आधीच्या पन्नास घरांच्या फायली, आधार कार्डे आणि सातबारे यांच्या शेजारी तो राहून जातो. पुढच्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा म्हणून दुकानदार, मनात काही वाईट नसताना, तोच उघडून दाखवतो. तेथून तो मावशीकडे, मावशीकडून समाजाच्या वधू-वर गटात. अशा एका गटात 1024 पर्यंत माणसे असू शकतात, आणि एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची जी मर्यादा भारतात 2018 पासून आहे, ती हा प्रवास मंदावते, थांबवत नाही. व्हॉट्सअॅपचे संदेश 2016 पासून कूटबद्ध असतात, म्हणजे वाटेत ते कोणाला वाचता येत नाहीत, हे खरे. पण ही हमी फक्त वाटेपुरती आहे. ज्याच्या हाती संदेश पोचला त्याने त्याचे काय करावे, याविषयी कूटबद्धता मौन पाळते, आणि आपले सारे नुकसान होते ते याच टोकाला.

या प्रवासाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. मुलाचा कागद हजार फोनांत गेला तर त्याला फार तर विमा विकणाऱ्यांचे फोन येतात. मुलीच्या कागदावर तिचा फोटो, कचेरीचे नाव आणि राहण्याचा पत्ता एकत्र असतात, म्हणजे तिला कोठे व केव्हा गाठता येईल हे एखाद्या विकृत मनाच्या माणसाला आयते कळते. घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीच्या कागदावर तर तिच्या आयुष्यातील सर्वांत दुखरी ओळ लिहिलेली असते. ती तिने, किंवा तिच्या वतीने घरच्यांनी, प्रामाणिकपणापोटी लिहिली, आणि त्या प्रामाणिकपणाचे मोल अनोळखी माणसे रात्री-अपरात्री फोन करून वसूल करतात. याचा मला मनस्वी संताप येतो.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ मजल मारली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले की खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये कायद्याचा मसुदा दिला, आणि बऱ्याच फेरफारांनंतर 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरावी, संमती जितक्या सहज घेतली तितक्याच सहज ती मागे घेता यावी, माहिती पुसून टाकण्याची मागणी करता यावी, संमतीचा मजकूर मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळावा, आणि माहितीचे रक्षण करण्यात कसूर करणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशा त्यातील तरतुदी आहेत. विवाह जुळवणारी संकेतस्थळे या कायद्याच्या कक्षेत येतात. परंतु घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी एखाद्या व्यक्तीने केलेला माहितीचा वापर कायद्याने कक्षेबाहेर ठेवला आहे, आणि तेही योग्यच. प्रत्येक मावशीच्या फोनवर सरकारने पहारा बसवावा असे कोण म्हणेल? फलतः ज्या ठिकाणाहून कागद सुटतो तेथे कायदा नाही, घरचा विवेकच आहे.

त्या विवेकाला अवघड असे काही करायचे नाही. पहिल्या कागदावर नाव, वय, शिक्षण, व्यवसायाचे स्वरूप, शहर आणि मध्यस्थ नातेवाइकाचा एक क्रमांक पुरेसा आहे. जन्मवेळ, मामकुळ, कंपनीचे नाव, पत्ता हे तपशील दोन्ही घरांत प्राथमिक बोलणे झाल्यावर, समोरच्या घराची चौकशी करून, त्या एका घरालाच द्यावेत. आधार कार्डाची प्रत मागितली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. फोटो कोणता जाईल आणि कोणाकडे जाईल, हे जिचा फोटो आहे तिने ठरवावे. आज पुष्कळ घरांत तिला ते गटातील एखाद्या मैत्रिणीकडून कळते. पैशाची फसवणूक झालीच तर लाज बाजूला ठेवून 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. आणि लग्न ठरल्यावर, आमंत्रणपत्रिका छापायला टाकण्याआधीच, मंडळाला व गटप्रमुखाला लेखी कळवून नोंद काढून घ्यावी, संकेतस्थळावरील खाते नुसते बंद न ठेवता पुसून टाकण्याची विनंती करावी, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आपली फाइल आपल्या देखत काढायला लावावी, आणि जेथे जेथे अर्ज केला तेथून त्याची पोच मागून घ्यावी.