विकल्पाची नोंद : पाणिनी ते पर्ल

विकल्प आहे असे सांगणे आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पाणिनीने विकल्पासाठी ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द योजले. टीकापरंपरेने ते समानार्थक मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, ‘वा’ने इष्ट, ‘विभाषा’ने क्वचित आणि ‘अन्यतरस्याम्’ने समबल विकल्प सूचित होतो. हे मत सर्वमान्य नाही. परंतु नोंद संदिग्ध राहिली की पुढील वाचक काय गमावतो, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात (स्थापना १९६९) सिद्ध झालेल्या मराठीच्या संगणकीय भाषासंग्रहासारखी सामग्री हाताळणाऱ्या अभ्यासकापुढे हाच प्रश्न उभा राहतो. भाषाशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा अशा कामास सोयीची आहे. तिच्यात फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स एकाच यादीतून येतात. त्यांतील आवश्यक कोणती व वैकल्पिक कोणती, हे फंक्शनच्या आरंभीच नोंदविण्याची सोय २०२२ च्या ५.३६ या आवृत्तीत स्थिर झाली. मात्र वगळण्याचा अर्थ शब्दांतच सांगावा लागतो.

समजा, शब्दगणनेच्या फंक्शनमध्ये ‘किमान वारंवारिता’ हे आर्ग्युमेंट वैकल्पिक आहे आणि ते न दिल्यास २ धरले जाते. मर्यादा नको म्हणून अभ्यासकाने ० दिले. ‘किंवा’चे जुने चिन्ह (||) शून्यालाही अभावच समजते, म्हणून पुन्हा २ लागू होते आणि ग्रंथात एकदाच आलेले शब्द, म्हणजे संपादकाला बहुधा सर्वाधिक मोलाचे शब्द, यादीतून निमूटपणे गळतात. २००७ च्या ५.१० आवृत्तीतील दुहेरी तिरकी रेघ (//) केवळ अनिश्चित मूल्यालाच अभाव मानते. तरीही ‘वैकल्पिक’ एवढीच नोंद अपुरी ठरते. ‘न दिल्यास २, ० दिल्यास मर्यादा नाही’ असे लिहिले पाहिजे.

वैकल्पिक भाग चौकोनी कंसात दाखविण्याची रूढी पर्लमध्ये घोटाळ्याची आहे, कारण तिथे त्याच कंसांनी यादीचा संदर्भ तयार होतो. पर्लच्या अधिकृत माहितीत ‘सबस्ट्र’ या फंक्शनची दोन, तीन व चार आर्ग्युमेंट्सची रूपे स्वतंत्र ओळींत दिली आहेत, आणि लांबी वगळल्यास शेवटपर्यंतचा मजकूर मिळतो हेही सांगितले आहे. ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. वैकल्पिक आर्ग्युमेंट्स तीन-चार झाली, की मात्र क्रमावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक मूल्य नावासह देणेच बरे.