लंडन ते पॅरिस : अंतर थोडे, हिशेब मोठा

हवाई अंतर : सुमारे ३४४ किमी.

विमान : हीथ्रोहून शार्ल द गोलपर्यंत वेळापत्रकात साधारण सव्वा तास. त्यातला बराचसा वेळ धावपट्टीकडे जाण्या-येण्यात जातो. दोन्ही विमानतळ शहराबाहेर असल्याने ये-जा आणि सुरक्षा तपासणीचा वेळ वेगळा धरावा.

रेल्वे : सेंट पँक्रस ते गार द्यू नोर, सुमारे ४९२ किमी. युरोस्टारच्या जलद गाडीला जेमतेम सव्वादोन तास लागतात आणि ती थेट शहरात उतरवते.

बोगदा : इंग्लिश खाडीखालून ५०.४५ किमी, १९९४ मध्ये खुला.

घड्याळ : पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. लंडनहून १०ला निघालेले विमान पॅरिसच्या घड्याळात सव्वाबाराला पोहोचते. परतीच्या तिकिटावर मात्र प्रवास पाव तासाचाच दिसतो!