सेकंदाचा शंभरावा हिस्सा

आशियाई क्रीडास्पर्धांमध्ये २१ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्याची शर्यत झाली. अंतिम फेरीत चीनचे यू हेशिन २२.११ सेकंदांत पहिले आले. जपानचे कात्सुमी नाकामुरा यांनी २२.२० सेकंदांत दुसरा क्रमांक पटकावला. तिसरे आले तेही जपानचेच, शुनिची नाकाओ; त्यांची वेळ २२.४६ सेकंद. आणि चौथे आले कोल्हापूरचे वीरधवल खाडे. त्यांची वेळ २२.४७ सेकंद. तिसऱ्याच्या गळ्यात पदक पडते, चौथ्याच्या पडत नाही. या दोघांमध्ये अंतर होते ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचे.

या निकालात मनाला अधिक चुटपुट लावणारी गोष्ट निराळीच आहे. त्याच दिवशी सकाळी प्राथमिक फेरीत खाडे यांनी हेच अंतर २२.४३ सेकंदांत कापले होते. २००९ पासून त्यांच्याच नावावर असलेला २२.५२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी त्या वेळी मोडला. सकाळचा वेग संध्याकाळी जसाच्या तसा राहिला असता, तर कांस्यपदक कोल्हापुरास आले असते. सकाळ आणि संध्याकाळ यांतील फरक अवघ्या चार शतांश सेकंदांचा. पण पदक त्या चारांत हरवले.

अशा वेळी सुज्ञ श्रोत्यांच्या मनात सहजच प्रश्न उभे राहतात. सेकंदाचा शंभरावा हिस्सा म्हणजे आहे तरी केवढा? तो मोजणारे साधन विश्वासाचे आहे काय? आणि इतक्या सूक्ष्म फरकावर एकाला पदक द्यावे व दुसऱ्यास रिकाम्या हाताने परत पाठवावे, हा न्याय म्हणावा काय?

प्रथम ही शर्यत कशी असते ते पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय मापाच्या तलावाची लांबी ५० मीटर असते. म्हणजे तलावाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एवढीच ही शर्यत. हिच्यात माघारी वळणे नाही, की शेवटासाठी दम राखून ठेवणे नाही. ऑलिंपिकमध्ये तिला कायमचे स्थान मिळाले ते १९८८ साली, सेऊल येथे. फ्रीस्टाईल या शब्दाचा अर्थ हवे तसे पोहण्याची मुभा असा असला, तरी पालथे राहून आळीपाळीने हात मारीत जाण्याची क्रॉल नावाची जी पद्धत आहे, तिच्याहून वेगवान पद्धत दुसरी नाही. म्हणून सारे स्पर्धक तीच स्वीकारतात.

साडेबावीस सेकंदांत ५० मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वादोन मीटर आणि तासाला अवघे आठ किलोमीटर. नागपुरात जरीपटक्याच्या रस्त्याने सायकलवरून शाळेत निघालेला मुलगाही या वेगाला सहज मागे टाकील. जमिनीवर जो वेग त्या मुलाच्या पायाचा मळ, तोच पाण्यात मिळविण्यासाठी आशियातील उत्तमोत्तम जलतरणपटूंना वर्षानुवर्षे देह झिजवावा लागतो. याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. पोहणाऱ्याला वाट मिळते ती हे दाट द्रव्य बाजूला सारूनच. शिवाय त्याने वेग दुप्पट केला, तर पाण्याचा विरोध दुप्पट न होता सुमारे चौपट होतो. आणि त्या विरोधास तोंड देत त्या वेगाने पुढे जाण्यास शक्ती लागते ती आठपट. या हिशेबाने वेग शेकडा एकाने वाढवावयाचा, तर शक्ती शेकडा तीनने अधिक खर्चावी लागते. म्हणून या शर्यतीत कोणी दुसऱ्याला मैलभर मागे टाकीत नाही. सारे एकाच भिंतीला डोके देऊन उभे असल्यासारखे असतात, आणि जय होतो तो नखभर अंतराने.

आता हे शतांश कोठे मिळतात व कोठे गळतात ते पाहू.

पहिला हिशेब उडीचा. संकेताचा आवाज झाल्यापासून पाय उडीच्या ठोकळ्यावरून सुटेपर्यंत सर्वसाधारणपणे सेकंदाचे सहा ते सात दशांश जातात. येथे न्यायाचा एक बारीक प्रश्न दडलेला आहे. आठ स्पर्धक शेजारीशेजारी उभे असतात आणि प्रत्येक मार्गिका अडीच मीटर रुंद असते. म्हणजे पहिला व आठवा यांच्यात साडेसतरा मीटरांचे अंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पंचाने पहिल्या मार्गिकेच्या बाजूस उभे राहून पिस्तूल झाडले, तर तो आवाज आठव्याच्या कानी पाच शतांश सेकंद उशिरा पडेल. जकार्ता येथे पदक गेले त्या अंतराच्या पाचपट हा उशीर झाला! यास्तव मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ठोकळ्याला स्वतंत्र ध्वनिक्षेपक जोडलेला असतो, आणि संकेत सर्वांच्या कानी एकाच क्षणी पडतो.

दुसरा हिशेब पाण्याखालचा. उडी घेणाऱ्याचा वेग पाण्यात शिरताना त्याच्या पोहण्याच्या वेगाहून पुष्कळच अधिक असतो. पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्या उठविण्यात शक्ती वाया जाते. खोलात हा खर्च कमी. त्यामुळे उडीने मिळालेली ही ठेव जपण्यासाठी पोहणारा काही काळ पाण्याखालूनच सरकतो. तथापि पंधरा मीटरांच्या खुणेपर्यंत डोके वर आले पाहिजे, असा नियम आहे. लवकर वर यावे तर ठेव फुकट जाते, उशिरा यावे तर तीच हळूहळू आटत जाते. हा नेमका क्षण साधणे ही अनेक वर्षांच्या मेहनतीने येणारी विद्या आहे.

तिसरा हिशेब श्वासाचा. श्वास घेण्यासाठी डोके वळविले की देहाची सरळ रेषा किंचित मोडते आणि पाण्याचा विरोध वाढतो. म्हणून या शर्यतीत कित्येक जण एकदाच श्वास घेतात, तर काही एकदाही घेत नाहीत. एका दमात काठ गाठावयाचा, हे येथे शब्दशः खरे असते.

चौथा आणि सर्वांत निष्ठुर हिशेब शेवटच्या स्पर्शाचा. डोके कोणाचे पुढे आहे हे कोणी पाहत नाही. हात भिंतीला प्रथम कोणाचा लागला, एवढेच पाहतात. भिंत नेमकी हाताच्या टप्प्यात आली तर ठीक. पण ती दोन हातांच्या मध्येच पडली, तर पोहणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. हात लांबवून तसेच सरकत जावे, की आणखी एक तोकडा हात मारावा? सरकण्यात वेग मंदावतो, हात मारण्यात वेळ जातो. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत सर्बियाचे मिलोराद चाविच पुढे असूनही सरकत भिंतीकडे आले; अमेरिकेचे मायकेल फेल्प्स यांनी आखूड असा आणखी एक हात मारला आणि ५०.५८ विरुद्ध ५०.५९ अशी शर्यत जिंकली. तेथेही अंतर शंभराव्या हिश्शाचेच होते. सव्वादोन मीटरांच्या वेगाने एका शतांशात पोहणारा सुमारे दोन सेंटिमीटर पुढे जातो. नाकाओ आणि खाडे यांच्यातील अंतर ते एवढेच, एका बोटाच्या जाडीचे.

असे अंतर मानवी डोळ्याला दिसणे शक्य नाही. पापणी लवण्यासही याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. पूर्वी मात्र सारी भिस्त डोळ्यांवर आणि हातातील घड्याळावरच असे. दिल्ली येथे १९५१ साली भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धांत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्णपदक जिंकले. त्यांची वेळ नोंदली गेली ती १ मिनिट ४.७ सेकंद अशी. दशांशापुढे अंक नाही, कारण घड्याळाची कळ दाबणाऱ्या अंगठ्यावर त्याहून अधिक विश्वास ठेवता येत नसे.

या पद्धतीचे पितळ उघडे पडले ते १९६० साली रोम येथे. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचे लान्स लार्सन जवळजवळ एकाच वेळी काठाला लागले. डेव्हिट यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या तिन्ही घड्याळांनी ५५.२ सेकंद दाखविले. लार्सन यांच्या घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१. घड्याळे लार्सन यांच्या बाजूची. परंतु काठावरील पंचांमध्येच मतभेद झाला आणि मुख्य पंचाने कौल दिला तो डेव्हिट यांना. दोघांचीही वेळ ५५.२ अशी लिहिली गेली आणि सुवर्णपदक डेव्हिट यांना मिळाले. या वादानंतर यंत्राच्या साक्षीवाचून गत्यंतर नाही, ही जाणीव दृढ झाली. १९६७ साली विनिपेग येथील पॅन अमेरिकन स्पर्धांत आणि पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये भिंतीला लावलेले टचपॅड आले. लाटेच्या धक्क्याने ते पट्ट हलत नाहीत, हाताचा दाब पडताच मात्र घड्याळ थांबवितात. पोहणारा आता स्वतःच्याच बोटांनी आपली वेळ लिहू लागला.

यंत्र आले तसा नवा मोहही आला. शतांश मोजता येतात, तर सहस्रांश का मोजू नयेत? म्युनिक येथे १९७२ साली तेही करून पाहण्यात आले. ४०० मीटर वैयक्तिक मेडले शर्यतीत स्वीडनचे गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचे टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत एकच, ४ मिनिटे ३१.९८ सेकंद अशी आली. तेव्हा सहस्रांश पाहिले गेले आणि दोन सहस्रांशांनी लार्सन विजयी ठरले. या अवधीत त्या वेगाने पोहणारा पुढे जातो तो अवघा तीन मिलिमीटर. तलाव बांधतात गवंडी. कितीही कुशल गवंडी असला, तरी आठही मार्गिकांची लांबी मिलिमीटरपर्यंत तंतोतंत सारखी राखणे त्याला साधावयाचे नाही. मार्गिका ५० मीटरांहून कमी असता कामा नये, किंचित अधिक चालेल, एवढीच मुभा नियम देतात. मग ते तीन मिलिमीटर पोहणाऱ्याच्या दंडातले, की भिंतीच्या गिलाव्यातले? याचे उत्तर कोणतेही घड्याळ देऊ शकत नाही. म्हणून त्यानंतर सहस्रांश टाकून देण्यात आले. शतांशापर्यंत वेळ सारखी आली, तर दोघांनाही समान मान द्यावयाचा, असा नियम झाला. सिडनी येथे २००० साली याच ५० मीटर शर्यतीत गॅरी हॉल आणि अँथनी अर्विन या दोघांचीही वेळ २१.९८ सेकंद आली आणि दोघांनाही सुवर्णपदके देण्यात आली.

या नियमातच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. घड्याळाला आणखी बारीक मोजता येत होते. माणसांनी मोजमाप थांबविले ते स्वतःच्या प्रामाणिकपणाच्या मर्यादेवर. ज्या फरकाचे श्रेय वा दोष पोहणाऱ्याला निश्चितपणे देता येत नाही, तो जमेस धरावयाचा नाही. शतांश ही अशा रीतीने आखलेली सीमा आहे. जकार्ता येथील एक शतांश या सीमेच्या अलीकडचा होता. तो कडू होता, परंतु अन्यायाचा नव्हता.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पोहण्याच्या खेळात दोन वह्या असतात. एका वहीत वेळा लिहितात, दुसरीत क्रमांक. पहिलीत माणसाची गाठ स्वतःशी असते, दुसरीत शेजाऱ्याशी. खाडे हे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. ग्वांगचौ येथे २०१० साली ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. खजानसिंग यांच्या १९८६ मधील रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धांत पोहण्यातील पदक भारतास लाभले ते चोवीस वर्षांनी. पुढे ते राज्याच्या महसूल खात्यात तहसीलदार झाले, आणि नोकरीमुळे दुरावलेल्या तलावाकडे परत वळले. सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, शरीराचे पहिले बहर ओसरू लागण्याच्या वयात, त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच्या स्वतःलाच मागे टाकले. हे पहिल्या वहीत लिहिले गेले. संध्याकाळी दुसरी वही उघडली, आणि तिच्यात त्यांचे नाव चौथ्या ओळीत आले.

दुसऱ्या वहीतील पुढची पाने अर्थातच तेथे संपली नाहीत. २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत याच ५० मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्णपदक खाडे यांनी पटकावले. परंतु तलावाच्या काठी बसून शर्यत पाहणाऱ्या पालकांनी, आणि पाण्यात उतरणाऱ्या त्यांच्या मुलांनी, जकार्ताच्या त्या दिवसाचा बोध दोन्ही वह्यांतून घ्यावा. पदकांची वही एका बोटाच्या अंतराने मिटते. आपल्या वेळेच्या वहीत आणखी एक ओळ लिहिण्याची मुभा मात्र प्रत्येक सकाळी नव्याने मिळत असते.