कोळशातले क्षार आणि मातीचा उतारा

दगडी कोळशाच्या धुराचा विषय निघाला की बोलणं गंधक आणि बारीक राखेपाशी संपतं. त्याच कोळशातल्या सोडिअम-पोटॅशिअमच्या क्षारांनी बॉयलर चालवणाऱ्यांना गेली ऐंशी वर्षं जेरीस आणलंय, याची वार्ता वीज केंद्राच्या कुंपणाबाहेर फारशी येत नाही.

भट्टीतल्या नळ्या बाहेरून का झिजतात, याचा छडा 1945 साली अमेरिकेत रीड, कोरी आणि क्रॉस यांनी लावला. ज्वाळेत वाफ होऊन सुटलेले क्षार त्यामानाने थंड असलेल्या नळीवर बसतात. गंधकाचे ऑक्साइड आणि नळीवरचा गंज यांच्याशी त्यांचा संयोग होऊन जे मिश्र सल्फेट बनतं, ते 550 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं. मग राखेच्या थराखाली एक ओलसर पापुद्रा तयार होतो आणि तो गुपचूप पोलाद खातो. यावर त्या काळचे उपाय म्हणजे धातू बदला, नाहीतर वाफेचं तापमान आवरा. क्षार मुळात धुरातच पकडावेत, हा विचार जोर धरायला आणखी तीन दशकं गेली.

त्याला निमित्त झालं 1973 च्या तेलसंकटाचं. कोळसा दाबाखाली, फ्लुइडाइज्ड बेडमध्ये, म्हणजे हवेने उसळत ठेवलेल्या थरात, जाळायचा आणि तो गरम वायू थेट गॅस टर्बाइनवर सोडायचा, अशी टूम निघाली. ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांनी मिळून यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्पला प्रायोगिक भट्टी उभारली. पण टर्बाइनची पाती फार नाजूक. वायूत क्षारांचं प्रमाण अब्जात काही मोजक्या भागांपेक्षा वाढलं तरी ती गंजतात. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत मग सक्रिय बॉक्साइट आणि डायाटमी माती यांच्या थरांतून वायू गाळून पाहिला गेला. 1990 च्या सुमारास अॅरिझोना विद्यापीठात शादमान आणि सहकाऱ्यांनी बॉक्साइट, एमॅथलाइट नावाची माती आणि केओलिन यांची तुलना केली. बॉक्साइटने धरलेल्या क्षारातला काही भाग पुन्हा सुटत होता. केओलिनने एकदा धरलेला क्षार सोडला नाही.

केओलिन म्हणजे आपली चिनी माती. पाचसहाशे अंशांना तिच्यातलं बांधलेलं पाणी उडून जातं आणि ती सच्छिद्र होते. मिठाची वाफ त्या छिद्रांत शिरली की सोडिअम सिलिका-अॅल्युमिनाच्या जाळीत अडकतो आणि क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो. उरलेलं खनिज 1500 अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणजे नळीला चिकटायचा प्रश्नच मिटला. मात्र क्लोरीनचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, राख वाढते आणि माती जास्त भाजली गेली तर तिची धारणशक्ती घटते.

दाबाखाली कोळसा जाळणाऱ्या ज्या यंत्रांसाठी हा खटाटोप झाला, ती मात्र रुजली नाहीत. ओहायोतलं टिड केंद्र 1991 ते 1995 एवढंच चाललं. स्टॉकहोमचं वार्तान 2020 मध्ये बंद झालं. पण मातीचा उपाय टिकला; पोटॅशिअमयुक्त पेंढा जाळतानाही तो कामी आला. स्वीडनमध्ये 1998 साली स्टीनारी आणि लिंडक्विस्ट यांनी पेंढ्याच्या राखेवर केओलिनचा परिणाम तपासला. डेन्मार्कच्या आवेदोरे केंद्रात लाकडाच्या पेलेटबरोबर चक्क कोळशाची राख भट्टीत टाकू लागले, कारण तिच्यातही तेच सिलिका आणि अॅल्युमिना असतात. चीनच्या शिनजियांगमधला झुनडोंगचा सोडिअमयुक्त कोळसाही केओलिन किंवा दुसरा कोळसा मिसळून जाळण्याचे प्रयोग झाले.

भारतीय कोळशात राख 30 ते 45 टक्के. तिच्या नावाने आपण बोटं मोडतो, पण क्षार धरून ठेवण्याचं काम ती फुकटात करते. 2021 च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात पेंढ्यासारख्या शेतकचऱ्याचे पाच टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितलं. एवढा पेंढा ही राख पचवेल. प्रमाण वाढवायचं असेल, तर पेंढ्यातल्या पोटॅशिअम-क्लोरीनचा हिशेब आणि मातीचा खर्च आधी मांडावा. नळ्या फुटल्यावर नव्हे.