खोक्यातली मांजर

आमचं मूळ गाव निंबर्गा, कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातलं. आजोबांच्या घरात मांजर कुणी मुद्दाम पाळली नव्हती, ती आपली असायचीच. दुपारी ज्वारीच्या पोत्यांमागे झोपायची, संध्याकाळी माळवदावर बसून गल्ली न्याहाळायची, रात्री उंदीर धरायची. पाहुणे आले की कुठे गडप व्हायची, ते आम्हा पोरांना कधी कळलं नाही.

हे सगळं आठवलं ते पुण्यात. रविवारी मी एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मदतीला जातो. तिथे नवीन आलेली एक करडी मांजर पिंजऱ्यात चक्क वाळूच्या ट्रेमध्ये अंग चोरून बसली होती. खाणं समोर, पण तोंड लावत नव्हती. मला वाटलं, आजारी असेल. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आजारी न्हाई दादा, तिला लपायला जागा न्हाई." गाडीत कुरिअरचं एक खोकं होतं. ते आडवं करून आत ठेवलं. थोड्या वेळाने ती खोक्यात होती.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हेच मोजून दाखवलं. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरींपैकी १० जणींना लपायला खोकं दिलं, ९ जणींना दिलं नाही. खोकंवाल्या मांजरी पहिल्या काही दिवसांतच निवळल्या. बाकीच्यांना जास्त दिवस लागले.

कारण सोपं आहे. मांजर शिकारी आहे, तशी मोठ्या जनावरांची शिकारही आहे. लपणं हा तिचा भित्रेपणा नाही, भीतीवरचा उपाय आहे. त्याखेरीज तिला बसायला उंच फळी लागते, झडप घालायला दोरीला बांधलेलं काहीतरी लागतं आणि अंथरुणाला स्वतःचा वास लागतो. म्हणून सगळी फडकी एकदम धुवू नयेत. घरच्या मांजरीलाही हेच लागू.

शेल्टरमध्ये याला फार महत्त्व आहे. लोक पुढे येणारी मांजर घरी नेतात. कोपऱ्यात दबलेली तिथेच राहते. आमची करडी अजून तिथेच आहे, पण आता खोक्यातून तोंड बाहेर काढून बघते.

ऑनलाइन खरेदीची खोकी आपल्या सगळ्यांकडे साठतात. टेप आणि पिना काढा, जवळच्या शेल्टरला फोन करून विचारा आणि नेऊन द्या. मात्र एका मांजरीचं खोकं दुसरीला देऊ नये, रोग पसरतो. म्हणूनच खोकी सतत लागतात.